मलाक्का बंद करता येते का? – समुद्राचा कायदा आणि आपलं आरमार

सूरसागरकाठ (धागाकर्ता)
रविवार, सकाळी ११.४०

मंडळी, नमस्कार.

आज कमाटीबागेतली फेरी आटोपून आम्ही पाच जण नेहमीप्रमाणे दांडिया बाजारात शेव-उसळ खायला बसलो होतो. सोबत माझा भाचा. सी.डी.एस.ची तयारी करतोय, नौदलातच जायचं म्हणतो. चीनचा विषय निघाला आणि पोरगं ठासून म्हणालं, "मामा, युद्ध पेटलं की आपण मलाक्काची सामुद्रधुनी बंद करायची. चीनचं तेल तिथूनच जातं. पंधरा दिवसांत गुडघे टेकतील." टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझी उभी नोकरी कोर्टाच्या कागदांत गेली, तीही बरीचशी जुन्या न्यायमंदिराच्या इमारतीत. त्यामुळे तोंडून आपसूक निघालं, "बंद करणार ती कुठल्या हक्काने?" तर भाचा म्हणतो, "समुद्रात कसला हक्क? ज्याची तोफ त्याचं पाणी."

घरी आल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. १९८२ चा समुद्रविषयक करार थोडा उघडून बघितला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल प्रादेशिक समुद्र, २४ पर्यंत लगतचा पट्टा, २०० मैलांपर्यंत विशेष आर्थिक क्षेत्र. म्हणजे पाण्यावर रेघा आहेत. मला असं वाटतं की आरमाराची आखणी करणारा माणूस आधी या रेघा बघतो आणि मग जहाजं मोजतो. पण मी कोर्टातला माणूस, मला सगळीकडे कायदाच दिसणार. तुम्ही सांगा. इथे समुद्रावर काम केलेले लोक आहेत, वकील आहेत, इतिहासवाले आहेत. भाच्याला काय उत्तर देऊ?

---

बिलिमोरेकर
वाचनखूण साठवली. सविस्तर रात्री लिहितो. तोवर उसळीवर तरी वाढवून घ्या, सामुद्रधुनीला हात लावू नका.

---

लष्करकर (ग्वाल्हेर)
काका, तुमचा भाचा जे बोलला तो एके काळी अक्षरशः कायदा होता! अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बिंकरशूक नावाच्या डच कायदेपंडिताने मांडलं की किनाऱ्यावरच्या तोफेचा गोळा जिथवर पोचतो तिथवर त्या राजाचं पाणी. पुढे त्याचेच तीन सागरी मैल झाले आणि विसाव्या शतकापर्यंत बहुतेक आरमारी सत्ता तीन मैलांनाच धरून होत्या. का धरून होत्या? कारण दुसऱ्याचं पाणी जितकं अरुंद, तितका आपल्या जहाजांना समुद्र मोकळा.

त्याआधी १६०९ मध्ये ग्रोशियसने 'समुद्र सर्वांना मोकळा' हे तत्त्व मांडलं. तो तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनीची बाजू मांडत होता. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ सांता कातारिना हे पोर्तुगीज जहाज लुटलं होतं, त्या प्रकरणातून हे लिखाण निघालं. म्हणजे मुक्त समुद्राचं तत्त्व जन्मलं तेही त्याच मलाक्काच्या तोंडाशी.

आता आपल्या घरचं. पोर्तुगीज आपल्या समुद्रात कार्ताझ विकायचे. परवाना घेतला नाही की जहाज जप्त. कान्होजी आंग्र्यांनी काय केलं? स्वतःचं दस्तक सुरू केलं. कोकण किनाऱ्यावरून जायचं तर आमचं दस्तक हवं. इंग्रजांनी ते मानलं नाही आणि कागदोपत्री कान्होजींना चाचा ठरवलं. पोर्तुगीजांनी परवाना दिला तर ती सत्ता, मराठ्यांनी दिला तर ती चाचेगिरी. याचा मला आजही राग येतो. पण त्यातून एक गोष्ट कळते ती अशी, की कान्होजींना नुसती गलबतं आणि गुराबा बांधून भागणार नव्हतं. समुद्रावर हक्क सांगायला कागद लागतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

---

तोफखाना
लष्करकर, लेखन आवडलं, पण तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. ज्याच्याकडे जहाजं जास्त, त्याचा कागद खरा.

आजचं उदाहरण घ्या. १२ जुलै २०१६ ला हेगच्या लवादाने निकाल दिला की दक्षिण चीन समुद्रात चीनने आखलेल्या नऊ तुकड्यांच्या रेघेला कायद्याचा आधार नाही. फिलिपिन्स जिंकलं. चीनने निकाल मानला? साफ नाकारला. बेटांवर धावपट्ट्या आहेत तशाच आहेत. अमेरिका दुसऱ्यांना या १९८२ च्या कराराचे धडे देते आणि स्वतः तिने त्याला मान्यताच दिलेली नाही. मग आपणच का हात बांधून घ्यायचे? भाचा बरोबर बोलतोय.

---

मीनाक्षी_बडोदे
वाचतेय. घरात नवऱ्यालाही वाचून दाखवतेय, तो तोफखान्यांच्या बाजूचा आहे.

---

दीपस्तंभ
मी एकोणीस वर्षं व्यापारी जहाजांवर होतो, आता कारेलीबागेत स्थायिक आहे. मलाक्कातून किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही. कायद्याचं वकील मंडळी सांगतील, मी जहाजाच्या ब्रिजवरून काय दिसतं ते सांगतो.

रात्री दोनची पाळी. रडारचा पडदा म्हणजे कुणी परातीत तांदूळ सांडलेत. जाणाऱ्यांची एक वाट, येणाऱ्यांची दुसरी, मध्ये मासेमारांचे बारके दिवे, आणि सिंगापूरजवळ फिलिप्स चॅनेलपाशी सगळी रुंदी जेमतेम पावणेतीन किलोमीटर. मागच्या डेकवर चाच्यांसाठी पाण्याच्या होसपाईपा सोडून ठेवलेल्या. रेडिओवर किनाऱ्याचं वाहतूक नियंत्रण एकेका जहाजाला नावाने हाक मारतं. चहा हातात गार होतो, डोळा खिडकीवरून हलवता येत नाही.

आता या गर्दीत 'चीनचं जहाज' ओळखून दाखवा. माझा शेवटचा टँकर सांगतो. मालक ग्रीक, झेंडा मार्शल बेटांचा, कप्तान आपला, खलाशी फिलिपिनो, तेल कुवेतचं. आणि त्या तेलाचा मालक वाटेत बदलला. माल समुद्रात असतानाच विकला जातो, तेलाच्या धंद्यात ही रोजची गोष्ट आहे. निघताना कागदावर एक बंदर, पोचताना भलतंच. मागचं जहाज जपानला निघालेलं, पुढचं कोरियाला. युद्धनौका आडवी घालणार तर कोणासमोर?

आणि ती वाट आपली नाहीच. मलाक्काच्या दोन्ही काठांवर इंडोनेशिया, मलेशिया आणि टोकाला सिंगापूर. आपल्या हातात आहे ते तिचं अलीकडचं तोंड, ग्रेट निकोबार आणि सुमात्रा यांच्यामधली सिक्स डिग्री चॅनेल. ती साधारण दीडशे किलोमीटर रुंद. तिथून जाणाऱ्या जहाजांवर नजर ठेवणं वेगळं आणि ती अडवणं वेगळं.

---

नर्मदाकाठची
दीपस्तंभ, फारच उत्तम. आता त्याची कायद्याची बाजू. मी वकिली करते, त्यातही हा विषय जिव्हाळ्याचा, त्यामुळे लांबेल.

शांततेच्या काळात सामुद्रधुनीतून जाण्याचा हक्क किनाऱ्यावरचं राष्ट्रसुद्धा स्थगित करू शकत नाही. मलाक्का इंडोनेशियालाही बंद करता येत नाही, मग आपली काय कथा. साध्या प्रादेशिक समुद्रातून जाताना पाणबुडीला वर येऊन झेंडा दाखवावा लागतो, पण अशा सामुद्रधुनीतून तिला पाण्याखालूनही जाता येतं असा प्रमुख आरमारी देशांचा अर्थ आहे. १९७० च्या दशकात वाटाघाटी चालू होत्या तेव्हा किनारी देशांना १२ मैल हवे होते आणि मोठ्या आरमारांना अरुंद वाटा मोकळ्या हव्या होत्या. १२ मैल मानले की अनेक सामुद्रधुन्या पूर्णपणे कोणाच्या तरी पाण्यात जात होत्या. त्या देवाणघेवाणीतून हे कलम आलं.

युद्धात नियम बदलतात, पण संपत नाहीत. नाकेबंदी जाहीर करावी लागते, सर्व देशांना कळवावी लागते, ती प्रत्यक्षात अमलात आणावी लागते. नुसत्या घोषणेची नाकेबंदी बंधनकारक नाही, हे १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यापासून ठरलेलं आहे. आणि मुख्य म्हणजे, नाकेबंदी शत्रूच्या किनाऱ्याची होते. तटस्थ देशांच्या बंदरांची वाट अडवता येत नाही. सिंगापूर तटस्थ राहिलं तर 'मलाक्काची नाकेबंदी' ही गोष्ट कायद्यात बसतच नाही.

मग उरतं काय? झडतीचा हक्क. युद्ध करणाऱ्या देशाची युद्धनौका तटस्थ व्यापारी जहाज थांबवू शकते, त्याचे कागद तपासू शकते, शत्रूकडे जाणारा युद्धनिषिद्ध माल सापडला तर जहाज बंदरात नेऊन प्राइझ कोर्टापुढे, म्हणजे युद्धात पकडलेल्या जहाजांचा निवाडा करणाऱ्या न्यायालयापुढे, उभं करू शकते. यासाठी आपल्याकडे १९७१ चा नौदल व विमान प्राइझ कायदा आहे. सूरसागरकाठ काका, वर्ष बघा. ते आहे बांगलादेशच्या युद्धाचं. ज्या वर्षी आपण आरमार समुद्रात उतरवलं, त्याच वर्षी संसदेने पकडलेल्या जहाजांचा कायदाही केला.

तोफखाना, तुमच्या प्रश्नाला उत्तर देते. चीनने निकाल नाकारला हे खरं. पण आपलं उदाहरण सोडलंत. ७ जुलै २०१४ ला बंगालच्या उपसागराच्या वादात लवादाने सुमारे २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशला दिले. आपण हरलो म्हणा हवं तर. त्याच वादात न्यू मूर नावाचं बेट होतं, १९७० च्या चक्रीवादळानंतर वर आलेलं. आपण १९८१ मध्ये तिथे जहाज पाठवून तिरंगा रोवला होता. पुढे ते बेट समुद्रानेच परत नेलं. आपण निकाल मुकाट्याने स्वीकारला आणि पूर्वेची एक सीमा कायमची मिटली. आज तिथे गस्त घालणाऱ्याला रेघ कुठे आहे ते नक्की माहीत आहे. शेजाऱ्याशी सीमा मिटली की तिथली जहाजं दुसरीकडे पाठवता येतात. मला हा आरमाराच्या दृष्टीने मोठा फायदा वाटतो.

---

तोफखाना
१९,००० चौरस किलोमीटर देऊन फायदा? ताई, हे मला पटणार नाही.

---

राजवाडा_ते_सराफा (इंदूर)
मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, कारण करारांमुळे नुसती वाट नाही, जहाजाचं पोटसुद्धा बदलतं.

आपली विमानवाहू नौका विक्रमादित्य घ्या. ती सोव्हिएत आरमारासाठी काळ्या समुद्राजवळ मिकोलाइव्हच्या गोदीत बांधली गेली. काळ्या समुद्रातून बाहेर पडायचं तर तुर्कस्तानच्या सामुद्रधुन्यांतून, आणि तिथे १९३६ चा माँत्र्यू करार लागू. त्या करारात विमानवाहू जहाजाला वाट मोकळी ठेवलेली नाही. सोव्हिएत आरमाराने या वर्गाच्या जहाजांना नाव दिलं 'जड विमानवाहू क्रूझर' आणि नाकाडावर मोठाली जहाजविरोधी क्षेपणास्त्रं बसवली. त्यामागे त्यांची युद्धनीतीही होती, कारण एकच नव्हतं, पण क्रूझर म्हणून बॉस्फरस ओलांडता येत होता. आपण जहाज घेतलं तेव्हा ती क्षेपणास्त्रं काढून तिथे विमानांसाठी पुढे वर चढणारी धावपट्टी बसवावी लागली. नाकाडाची ती सगळी तोडफोड आपण पैसे मोजून करून घेतली. २०१३ च्या नोव्हेंबरात ती आपल्या नौदलात दाखल झाली.

आणि हाच करार २०२२ मध्ये पुन्हा कामाला आला. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर तुर्कस्तानने युद्ध करणाऱ्यांच्या युद्धनौकांना ती वाट बंद केली. काळ्या समुद्रात रशियाची जहाजं बुडत गेली, पण दुसऱ्या ताफ्यातून नवी आणता येईनात. एका जुन्या कागदाने एका मोठ्या आरमाराची कुमक अडवली. तोफखाना साहेब, तोफ कोणी डागली तिथे?

---

लष्करकर (ग्वाल्हेर)
+१. विक्रमादित्यची ही गोष्ट ठाऊक नव्हती. आत्ता फोटो उघडून नाकाड बघत बसलोय.

---

तोफखाना
राजवाडा, हे मानलं. पण बॉस्फरसवर तुर्कस्तान बसलाय म्हणून तो कागद चालतो. कागदामागे चौकीदार उभा हवा. एवढंच माझं म्हणणं.

बरं, मला लक्षद्वीपचं सांगा. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेची जॉन पॉल जोन्स ही विनाशिका लक्षद्वीपच्या पश्चिमेला १३० सागरी मैलांवरून गेली आणि वर त्यांनीच पत्रक काढलं की आम्ही भारताची परवानगी मागितली नाही. मित्र म्हणवतात ना? तेव्हा आपला कायदा कुठे होता?

---

दीपस्तंभ
तोफखाना, तिथूनच आम्हीही जायचो. १३० मैल म्हणजे आपलं आर्थिक क्षेत्र. तिथले मासे आपले, तळातलं तेल आपलं, जाण्याची वाट सगळ्यांची. नुसतं जाणं हा वाद नाहीच. वाद आहे तिथे कोणाला लष्करी सराव करता येतो का, यावर.

---

नर्मदाकाठची
बरोबर. १९९५ मध्ये करार स्वीकारताना भारताने जाहीर केलं की आमच्या आर्थिक क्षेत्रात आमच्या संमतीशिवाय परक्यांनी लष्करी सराव करावेत, विशेषतः शस्त्रं आणि स्फोटकं वापरून, असा अधिकार हा करार देत नाही. शिवाय १९७६ चा आपला कायदा म्हणतो की परदेशी युद्धनौकेने आपल्या १२ मैलांत शिरण्याआधी सूचना द्यावी. अमेरिकेला दोन्ही मान्य नाहीत. त्यांनी जहाज पाठवलं ते हा दावा मोडायला. दावा झाला आणि कोणी आक्षेपच घेतला नाही तर तो रूढ होतो, अशी त्यांची भीती. आपण लगेच निवेदन काढून आपली भूमिका पुन्हा सांगितली, त्यामागे हीच भीती उलट बाजूने. जहाजाने प्रश्न विचारायचा आणि परराष्ट्र खात्याने उत्तर द्यायचं, असा तो प्रकार.

आता मला टोचणारी गोष्ट सांगते. या एका मुद्द्यावर भारत आणि चीन जवळपास एकाच बाजूला आहेत. चीनही परक्या आरमारांना आपल्या आर्थिक क्षेत्रात लष्करी काम करू देत नाही. आपण १९७० च्या दशकात ही भूमिका घेतली तेव्हा आपलं आरमार किनाऱ्याजवळचं होतं आणि १९७१ मध्ये अमेरिकेचा सातवा ताफा बंगालच्या उपसागरात आलेला आपण विसरलो नव्हतो. आज आपल्या नौका एडनच्या आखातापासून दक्षिण चीन समुद्रापर्यंत जातात. सगळ्या जगाने आपलीच भूमिका उचलली तर आपल्याच पायात ती आडवी येईल. आरमार वाढलं की त्याला कायदा वेगळा दिसायला लागतो. इंग्रजांचे तीन मैल त्यातलेच.

---

सूरसागरकाठ
नर्मदाकाठची, हे फार महत्त्वाचं बोललात. मग भूमिका बदलावी असं तुमचं म्हणणं?

---

नर्मदाकाठची
माझं मन अजून ठरत नाही, काका. २०१९ मध्ये चीनचं एक संशोधन जहाज अंदमानजवळ आपल्या क्षेत्रात शिरलं आणि नौदलाने त्याला बाहेर काढलं. ते करता आलं कारण करारानुसार आर्थिक क्षेत्रात सागरी संशोधनाला किनारी देशाची संमती लागते. समुद्राच्या तळाचं मोजमाप म्हणजे उद्याच्या पाणबुडीचा रस्ता. ते दार उघडं टाकायला मी तयार नाही. लांब जायचंय म्हणून घराचं कुलूप काढावं का, असा पेच आहे.

---

बिलिमोरेकर
रात्र झाली, आता लिहितो.

बडोदेकरांना समुद्र नाही असं सगळे म्हणतात. आपल्या मुलांनी समुद्राचा प्राणी पहिल्यांदा बघितलेला असतो तो कमाटीबागेच्या संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा, तोही महीच्या मुखाशी वाहून आलेला. पण गायकवाडांचं आरमार होतं, आमच्या बिलिमोऱ्याला. सुभा आरमार म्हणत. आणि ओखामंडळ बडोदा संस्थानाचं, द्वारका-बेटद्वारकेसकट. ओख्याचं बंदर गायकवाडी राज्याने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात उभं केलं.

तेच ओखा १९७१ मध्ये कामाला आलं. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराची गाठली. बारक्या नौका, इंधन कमी, म्हणून सौराष्ट्राचा किनारा त्यांचा तळ होता. पाकिस्तानी विमानांनी मग ओख्यावर बॉम्ब टाकले, इंधनाचा साठा पेटला. नौका तोवर हलवलेल्या होत्या. आमच्या आजोळी द्वारकेला मामा सांगायचे की खिडक्यांना काळे कागद लावले होते आणि आभाळ ओख्याच्या बाजूने लाल झालं होतं.

आता धाग्याचा मुद्दा. कराचीवरच्या दुसऱ्या हल्ल्यात पनामाच्या झेंड्याचं गल्फ स्टार बुडालं आणि ब्रिटिश हरमॅटनला मार बसला. रडारवर ठिपका दिसतो, झेंडा दिसत नाही. दीपस्तंभांनी जे मलाक्काबद्दल सांगितलं तेच तिथे घडलं. तो विजय माझ्या अभिमानाचा आहे आणि राहील, पण त्या जहाजांवरही कोणाचे तरी खलाशी होते. तटस्थांना वाचवण्याचे नियम का लिहिले जातात ते तिथे समजतं.

---

दीपस्तंभ
बिलिमोरेकर, शेवटच्या ओळींसाठी मनापासून धन्यवाद. आम्ही त्या ठिपक्यांतले लोक.

---

वेरावळची_नोकरी
पहिल्यांदाच लिहितेय. आतापर्यंत फक्त वाचत होते.

माझी बदली काही वर्षं सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एका बँकेच्या शाखेत होती. तुम्ही सगळे विनाशिका आणि विमानवाहू जहाजांबद्दल लिहिताय, मी काउंटरच्या अलीकडून जे बघितलं ते सांगते. एक बाई दर महिन्याला यायची. हातात दुधाची धुतलेली पिशवी, तिच्यात घडी घातलेले कागद. बोटीच्या नोंदणीची झेरॉक्स, नवऱ्याचा फोटो, आणि कराचीच्या मालीर तुरुंगातून आलेलं एक पत्र. पत्र घडीवर फाटलेलं, मागून सेलोटेप लावलेली. नवरा खलाशी. टंडेलाने, म्हणजे बोटीच्या नाखव्याने, माशाच्या मागे बोट नेली, रात्री पाकिस्तानी गस्तीनौकेने पकडली. खात्यावर त्याची सही लागायची. तो नाही, सही नाही, पैसे निघेनात. ती भांडायची नाही. फक्त विचारायची, "बेन, आज थशे?" (ताई, आज होईल का?) मी शाखेत वरपर्यंत बोलले, उत्तर एकच, नियम नाही. तिला तीन वेळा परत पाठवावं लागलं ते मला अजून छळतं.

तिच्याच गावच्या बोटीवर पालघरकडची आदिवासी पोरंही होती, मराठी बोलणारी. त्यांच्या घरी तर पत्र वाचणारंही कोणी नव्हतं.

माझा प्रश्न वकील ताईंना. या लोकांसाठी समुद्राचा कायदा काही म्हणतो का?

---

नर्मदाकाठची
म्हणतो. आणि अगदी स्पष्ट म्हणतो, म्हणूनच वाईट वाटतं.

कराराचं कलम ७३. दुसऱ्याच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचे नियम मोडले तर बोट पकडता येते, पण वाजवी जामीन दिल्यावर बोट आणि खलाशी लवकर सोडायचे. आणि दोन देशांनी तसं वेगळं ठरवलं नसेल तर या गुन्ह्याला कैदेची शिक्षा देता येत नाही. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही करार स्वीकारला आहे. हे दोघांनाही लागू, कारण आपणही त्यांचे मच्छीमार पकडतो.

मग तुरुंग का? कारण तिथे रेघच ठरलेली नाही. सर क्रीकचा वाद. ९६ किलोमीटरची दलदलीची खाडी. १९१४ चा मुंबई सरकारचा ठराव आणि नकाशा दोघेही दाखवतात. पाकिस्तान म्हणतं हद्द पूर्वेच्या काठाने, आपण म्हणतो खाडीच्या मध्यातून. १९६८ च्या कच्छ लवादाने ही खाडी बाजूलाच ठेवली. खाडीचं तोंड ठरत नाही तोवर समुद्रातली रेघ कुठून सुरू करायची? म्हणून खालच्या समुद्रात दोन रेघा आहेत, आणि त्यांच्यामध्ये मासे आहेत. दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, त्यात मच्छीमारांची यादी वेगळी असते.

तोफखाना, बंगालच्या उपसागरात काय मिळालं असं तुम्ही विचारलं होतं. तिथे रेघ आहे. इथे नाही.

---

तोफखाना
ताई, वेरावळच्या बाईंचं वाचल्यावर मी काही वेळ फोन खाली ठेवला. १९,००० चौरस किलोमीटरचा हिशेब मी जमिनीसारखा मांडत होतो. रेघ असण्याचीही किंमत असते हे मान्य. चीनबद्दलचं माझं मत मात्र तसंच आहे.

---

राजवाडा_ते_सराफा (इंदूर)
थोडं अवांतर, पण चाचेगिरीवरून आठवलं. १९९९ मध्ये अलोंड्रा रेनबो हे जपानी मालकीचं जहाज चाच्यांनी पळवलं, नाव रंगवून मेगा रामा केलं. आपल्या तटरक्षक दलाच्या 'ताराबाई'ने आणि नौदलाच्या 'प्रहार'ने ते पकडलं. मुंबईच्या न्यायालयात शिक्षा झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयात आरोपी सुटले. देशात चाचेगिरीचा स्वतंत्र कायदाच नव्हता. तो २०२२ मध्ये झाला. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने रुएन जहाजावरून ३५ सोमाली चाचे पकडले, १७ खलाशी सुखरूप सोडवले आणि चाच्यांना मुंबईत आणून याच कायद्याखाली पोलिसांच्या ताब्यात दिलं. तेच आरमार, तोच समुद्र. मध्ये फक्त एक कायदा आला.

---

मीनाक्षी_बडोदे
ताराबाई नाव वाचून बरं वाटलं. नवरा आता कुंपणावर बसलाय.

---

सूरसागरकाठ
मंडळी, रात्री भाच्याला समोर बसवून पूर्ण धागा वाचून दाखवला. बिंकरशूकचं ऐकून आधी फुशारला, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" दीपस्तंभांच्या टँकरपाशी गप्प झाला. वेरावळच्या बाईंचं वाचताना माझाच आवाज लागेना, तेव्हा पुढचं त्याने वाचलं.

मग वहीत लिहायला बसला. मलाक्का खोडून त्याने लिहिलं: 'निकोबारवरून नजर, झडती, प्राइझ कोर्ट'. आणि मला विचारलं, "मामा, झडतीला परक्या जहाजावर पहिला कोण चढतो? त्याला जहाजाचे कागद वाचता यायला लागतात का?" मला उत्तर येत नव्हतं.

---

दीपस्तंभ
त्याला सांगा, बाजूने दोराची शिडी सोडतात, लाकडी पायऱ्यांची. लाटेबरोबर होडी वर येते त्या क्षणी शिडी धरायची, खाली जाताना धरली तर पाय चिरडतो. वर पोचल्यावर तरुण अधिकारी कप्तानाला पहिलं वाक्य म्हणतो ते हेच, की कागद दाखवा. नोंदणी, मालाची यादी, खलाशांची यादी, लॉगबुक. एडनच्या आखाताजवळ एकदा आमचं जहाज असं तपासलं गेलं. तो मुलगा पंचविशीचा असेल. मालाच्या यादीवर बोट ठेवून त्याने मला तीन प्रश्न विचारले आणि तिन्ही नेमके होते. तेव्हा हो, वाचता यायलाच लागतात.

---

बिलिमोरेकर
सूरसागरकाठ, भाच्याला डिसेंबरात ओख्याला घेऊन चला. सौराष्ट्र मेल बडोद्याहूनच जाते. ४ तारखेला मी द्वारकेत आहे, जेट्टी मी दाखवीन.

---

सूरसागरकाठ
तीन तिकिटं काढतो. वेरावळच्या ताई, तुम्ही येणार असाल तर चार.

---

वेरावळची_नोकरी
चार काढा, दादा.